घर वाकडं की कॅमेरा?

मागच्या वर्षी मार्चमध्ये मी ३८,००० रुपयांची एक सेकंडहँड लेन्स घेतली. घरी हा आकडा मी अजून खरा सांगितलेला नाही. आईला वाटतं बारा हजार. ऑफिसातल्या मित्रांना वाटतं मी वेडा आहे, कारण या लेन्सला ऑटोफोकस नाही, झूम नाही, आणि ती लावली की कॅमेऱ्याला लेन्स लावलीय हेच कळत नाही. एक नॉब फिरवला की ती मान तिरकी करते. दुसरा फिरवला की मान न हलवता सरळ वर किंवा खाली सरकते. पहिलं टिल्ट, दुसरं शिफ्ट.

सॅमयांगची २४ मिमी टिल्ट-शिफ्ट. टिल्ट साडेआठ अंश, शिफ्ट मध्यापासून दोन्हीकडे १२ मिमी. कॅननची याच जातीची नवी लेन्स लाखाच्या बरीच वर जाते, त्यामुळे या जगात हिला 'स्वस्त' म्हणतात.

खरं सांगायचं तर मी ती टिल्टसाठी घेतली होती. तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेल: खरंखुरं शहर खेळण्यातल्यासारखं दिसतं, गाड्या हॉट व्हील्सच्या, माणसं मुंग्यांएवढी. फोनमधला 'मिनिएचर' फिल्टर वरखाली नुसता ब्लर लावून त्याची नक्कल करतो. खऱ्या टिल्टमध्ये शार्प दिसणारी जागा एका पट्टीपुरती उरते. एरवी इतकी पातळ पट्टी आपल्याला अगदी जवळच्या, छोट्या वस्तूंच्या फोटोत दिसते. म्हणून डोकं फसतं आणि म्हणतं, हे खेळणं आहे.

गंमत म्हणजे टिल्टमागचं गणित खेळण्यांसाठी नव्हतंच. थिओडोर शाइम्पफ्लुग नावाच्या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने १९०४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याला आकाशातून काढलेले तिरके फोटो सरळ करून त्यांवरून नकाशे बनवायचे होते. लेन्स, सेन्सर आणि समोरचा विषय यांची प्रतलं एका रेषेत भेटली की तो सगळा विषय शार्प येतो, हा नियम आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. म्हणजे माणसाने नकाशा अचूक यावा म्हणून डोकं लढवलं आणि सव्वाशे वर्षांनी मी त्याच्या जोरावर पर्वतीवरून पुण्याचं खेळणं करत होतो. लाईक्स मात्र भरपूर मिळाले.

त्यातल्या एका फोटोत पेठांची छपरं होती. मी झूम करून आमचा वाडा शोधला. सापडला नाही, पण जो कुठला सापडला तोही इतका गोड दिसत होता की मी तोच आमचा मानला.

आमचा वाडा नारायण पेठेत. 'वाडा' म्हटलं की लोकांना चौक, कारंजं वगैरे दिसतं. आमच्याकडे त्यातलं काही नाही. अठरा फुटी दर्शनी भाग, खाली दगड, वर लाकूड-विटा, दोन मजले आणि कौलं, आढ्यापर्यंत अठ्ठावीस फूट. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी कुठवर आलं होतं त्याची खिळ्याने कोरलेली रेघ अजून जिन्यात आहे. आजी लग्न होऊन आली ती पुरानंतर दोन वर्षांनी, पण त्या रेघेबद्दल ती अशी बोलते जणू तीच भिजली होती.

आजी, काका आणि काकू तिथे राहायचे. मी वाकडला, ऑफिसच्या जवळ. रविवारी जायचो, पोहे खायचो, गॅलरीत बसायचो आणि संध्याकाळी लिफ्ट असलेल्या घरी परत यायचो.

रिडेव्हलपमेंटची बोलणी दोन वर्षं चालली होती. काका तयार, बाबा तळ्यात-मळ्यात, आजी अजिबात नाही. सही तिची लागणार होती. मग बिल्डरने एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणला आणि त्याने लिहून दिलं की वाडा डावीकडे कलला आहे, राहण्यास धोकादायक. आजी म्हणाली, "बिल्डरचा माणूस दुसरं काय सांगणार?" मलाही अगदी तसंच वाटलं. मी तिला म्हणालो, "आजी, तुझी इच्छा नसेल तर सही करू नकोस. मी बघतो." 'मी बघतो' म्हणजे नेमकं काय बघणार, हे मलाही माहीत नव्हतं.

काका रिपोर्टबरोबर फोनवर काढलेले फोटो दाखवायचा. त्यांत वाडा खरंच भयानक दिसायचा: खाली रुंद, वर निमुळता, जणू मागे पडतोय. मी जोरात सांगितलं, "काका, हा वाडा वाकडा नाही, फोन वाकडा आहे."

आणि ते खरंच होतं. अरुंद गल्लीत उभं राहून उंच इमारत फ्रेममध्ये बसवायला आपण फोन मागे कलवतो. मग सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही, वरचा भाग लहान येतो आणि उभ्या रेघा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. फोन ताठ धरला तर रेघा सरळ येतात, पण वरचा मजला कापला जातो आणि खाली रस्ताच रस्ता येतो. शिफ्ट लेन्स यावरच उपाय करते. ती सेन्सरच्या गरजेपेक्षा बरंच मोठं चित्र आत पाडते. कॅमेरा ताठ ठेवायचा आणि लेन्स वर सरकवून त्या मोठ्या चित्रातला वरचा तुकडा घ्यायचा.

लेन्स न घेताही हे करून बघता येतं. फोनवर ग्रिड चालू करा, ०.५ची वाइड लेन्स निवडा, फोन भिंतीला समांतर ताठ धरा आणि नंतर खालचा रस्ता क्रॉप करा. तत्त्व तेच. फक्त क्रॉपमध्ये पिक्सेल वाया जातात. मला ते वाया घालवायचे नव्हते, कारण मला पुरावा हवा होता.

मी हिशेब केला. समोरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पार भिंतीला टेकलो तर वाड्यापासून अंतर २१ फूट. कॅमेरा उभा धरला की सेन्सर ३६ मिमी उंच, म्हणजे मध्याच्या वर १८ मिमी. २४ मिमीच्या लेन्सने कॅमेऱ्याच्या वर जेमतेम पावणेसोळा फूट दिसणार. कॅमेरा जमिनीपासून पाच फुटांवर, म्हणजे एकूण २१ फूट. वरचे सात फूट, कौलांसकट, गायब. लेन्स १२ मिमी वर सरकवली की १८चे ३० होतात. सव्वासव्वीस अधिक पाच, ३१ फूट. वाडा बसतो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुठल्याही उत्तराने मला इतका आनंद दिला नव्हता.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी सातला गेलो. ट्रायपॉड, वर छोटी बबल लेव्हल. तरी कोणी म्हणू नये की तुझाच कॅमेरा वाकडा होता, म्हणून मला फ्रेममध्येच एक निर्विवाद उभी रेघ हवी होती. आमच्या डाव्या बाजूचा वाडा २०२१ मध्ये पाडला. तिथे आता खड्डा खणून काम चालू होतं. तिथल्या गवंडीमामांकडे ओळंबा मागितला. दोरीला बांधलेलं लोखंडी वजन, बाकी काही नाही. आजीने तो वरच्या गॅलरीच्या डाव्या टोकाला, कोपऱ्यातल्या खांबाशेजारी बांधून खाली सोडला.

"ओळंबा कशाला रे?" तिने वरून विचारलं.

"माझा कॅमेरा सरळ आहे ना, ते बघायला."

ती काही बोलली नाही. दोरी हलायची थांबेपर्यंत कठड्याशी उभी राहिली आणि मग आत गेली.

एफ ११, हाताने फोकस, सहा-सात फोटो. ओळंबा परत द्यायला गेलो तेव्हा गवंडीमामांनी एकदा वर बघितलं आणि विचारलं, "कधी रिकामं करताय?"

"नाही करत," मी म्हणालो.

रात्री वाकडला लॅपटॉपवर फोटो उघडला. इतका सुंदर फोटो मी आधी काढला नव्हता आणि नंतरही नाही. प्रत्येक कौल दिसत होतं. ओळंब्याची दोरी फ्रेमच्या कडेला अगदी समांतर, एका पिक्सेलचाही फरक नाही. कॅमेरा सरळ होता.

दोरीशेजारचा खांब सरळ नव्हता.

मी माऊस नेऊन वाचलं. डाव्या कोपऱ्याची कड तळाशी ३१०व्या पिक्सेलवर, वर छपराखाली २३०व्या. ८० पिक्सेल. या फोटोत एक इंच म्हणजे साधारण १६ पिक्सेल. पाच इंच, डावीकडे, जिथे शेजारच्या वाड्याचा आधार गेला होता तिकडेच. पुन्हा मोजलं. दुसऱ्या फोटोत मोजलं. तिसऱ्या. बिल्डरच्या माणसाने नेमकं हेच लिहिलं होतं.

मग मी एक गोष्ट केली जी मला आजही आठवते. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फोटो सरळ करायचं ऑटो बटन असतं. ते दाबलं. अर्ध्या सेकंदात खांब ताठ झाला. दोरी थोडी तिरकी झाली, पण दोरीकडे कोण बघतंय? सॉफ्टवेअरला उभ्या रेघा समांतर करणं तेवढं माहीत. त्यातला कुठला कल कॅमेऱ्याचा आणि कुठला घराचा, हे त्याला कळायचं कारण नाही. मला कळत होतं. दोरी पुसायला आणखी दोन मिनिटं लागली. तो फोटो मी लॅपटॉपवर वॉलपेपर लावला आणि पाच दिवस ठेवला. काकाला मेसेज केला, 'फोटो मस्त आलाय, रविवारी दाखवतो.'

त्या पाच दिवसांत पुण्यात एकदा वळवाचा पाऊस झाला. रात्री अकरा वाजता आमच्या सोसायटीच्या खिडक्या थडथडल्या. मी फोन हातात घेऊन बसलो, काकाला लावला नाही आणि झोपलोही नाही.

रविवारी मूळ फोटोची मोठी प्रिंट काढून घेऊन गेलो. आजीने ती पलंगावर पसरली आणि भिंगातून बघायला लागली. आधी गॅलरीचा कठडा, मग तुळशीची कुंडी, मग खिडकीत वाळत घातलेला काकाचा टॉवेल. "हा काढायला सांगायचा नाहीस का?" मग भिंग दोरीवर आलं आणि दोरीवरून खांबावर.

"किती आहे?"

"पाच इंच."

"वाटलंच." तिने भिंग खाली ठेवलं. "माजघराचं दार दोन वर्षं लागत नाही. कडीला सुतळी बांधते. कपाटाच्या पायाखाली पुठ्ठे घातलेत, दर दिवाळीला एक वाढतो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्या काकाला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी पेन घेऊन आला असता." थोड्या वेळाने म्हणाली, "तू सही करू नको म्हणालास ना, बरं वाटलं होतं मला. पण तू काय, संध्याकाळी घरी जातोस."

ती रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

काकाला मी स्वतः सांगितलं. त्याने 'बघ, मी म्हणत होतो' म्हटलं नाही. फक्त त्या रात्रीपासून तिघांनी उजवीकडच्या खोलीत झोपायला सुरुवात केली आणि मे संपायच्या आत ते कोथरूडला आईबाबांकडे आले. आजीने सही लगेच केली नाही. ऑगस्टमध्ये केली, तीही करारातलं एक कलम बदलून घेऊन: पर्यायी जागेचं भाडं दरमहा नाही, वर्षाचं आगाऊ. बिल्डरशी ते बोलणं तिने एकटीने केलं. मी बघतो म्हणालो नाही.

वाडा दिवाळीनंतर उतरवला. जिन्यातला रेघेचा दगड मागून घेतला आहे, तो सध्या बाल्कनीत कुंडीखाली आहे.

फोटो कोथरूडच्या हॉलमध्ये लावलाय. मूळचाच, दोरीसकट. येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा त्याच्यासमोर थांबतो, मान तिरकी करतो आणि हात पुढे करून फ्रेम जरा उजवीकडे ढकलतो. तो गेला की आजी उठते आणि फ्रेम पुन्हा होती तशी करते. परवा मी पाणी द्यायला उठलो तर तिने मलाच सांगितलं, "दोरी बघून लाव."