एक इंच काच

जूनमधली गोष्ट. सकाळी कडक ऊन होतं म्हणून मी बाबांच्या गाडीचं सनरूफ उघडलं, गाडी रबाळे एमआयडीसीत ऑफिससमोर उघड्यावर लावली आणि विसरलो. दुपारी पारसिकच्या डोंगरावरून पाऊस उतरला. मीटिंग सोडून खाली धावेपर्यंत ड्रायव्हर सीटचा स्पंज झाला होता. पुढचे पंधरा दिवस गाडीत कुबट वास आणि घरात बाबांची शांतता.

आजकाल बऱ्याच गाड्यांत लॉकचं बटण दाबून धरलं की काचा आपोआप वर जातात. आमची 2012 ची, सेकंडहँड. तिला हे जमत नाही. पण मी इंजिनिअर, त्यात अपराधी वाटत होतं. म्हटलं, आपणच करू.

पॉवर विंडोचं गणित सोपं असतं. दारात 12 व्होल्टची मोटर, तिला दोन वायरी. करंट एका दिशेनं गेला की काच वर, उलट दिशेनं गेला की खाली. म्हणजे मला फक्त बटण दाबणारं एक बोट हवं होतं. काही रिले, एक मायक्रोकंट्रोलर आणि सेंट्रल लॉकच्या वायरीवर लक्ष. लॉकचा सिग्नल आला की आधी चार काचा बंद, मग सनरूफ.

खरी अडचण वेगळीच. आमच्या गाडीच्या काचेला मध्ये बोट आलंय की हवा, हे कळत नाही. मात्र अडली की मोटर जास्त करंट ओढते. तो मोजायचा आणि मर्यादेपलीकडे गेला की काच मागे फिरवायची. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस 118 या नियमात, आपोआप बंद होणाऱ्या काचेनं 100 न्यूटन जोर लावायच्या आत मागे फिरावं, असं आहे. म्हणजे साधारण दहा किलोचा दाब. माझ्याकडे न्यूटन मोजायचं यंत्र नव्हतं, आईच्या फ्रिजमधली काकडी होती. पहिली कचकन तुटली. तीन वीकेंड आणि बऱ्याच काकड्यांनंतर काच टेकून मागे यायला लागली. आईनं कोशिंबीर केली. बाबा म्हणाले, "बरं झालं."

दोन दिवसांनी बाबांचा फोन आला. ठाणे-बेलापूर रोडवर गाडी बाजूला घेऊन उभे होते.

"अरे, काच आपोआप वर गेली. मी खाली करत होतो तरी."

मला लगेच कळलं. गाडीनं वेग घेतला की दारं आपोआप लॉक होतात. तोही लॉकचाच सिग्नल. माझ्या कोडला दोन्हीतला फरक माहीत नव्हता.

"सॉरी बाबा, एक बग आहे. पण एसी चालू असताना तुम्ही काच खाली ठेवताच कशाला?"

ते गप्प राहिले. रात्री जेवताना बोलले.

26 जुलै 2005. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मी आठ वर्षांचा होतो. मला आठवतं ते एवढंच, की बाबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालत घरी आले. त्या रात्री ते कुर्ल्याला कंपनीच्या गाडीत अडकले होते. पाणी दारापर्यंत चढलं. बाहेरच्या दाबानं दार उघडेना, पॉवर विंडोचं बटण मेलेलं. ड्रायव्हरकाकांना तंबाखू थुंकायची सवय, म्हणून त्यांची काच अर्धी खाली होती. तिच्यावर दोघांनी भार टाकून ती आत दाबली आणि बाहेर पडले. त्या दिवशी मुंबईत बंद गाड्यांमध्ये माणसं गुदमरून गेली.

"तेव्हापासून एक इंच ठेवतो," बाबा म्हणाले. "बोटं घालता आली पाहिजेत."

वीस वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून त्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याची तक्रार करत होतो.

दुरुस्ती छोटी होती. इग्निशनची वायर बोर्डला जोडली आणि कोडमध्ये एक अट टाकली: इग्निशन चालू असेल तर काहीही करू नकोस. मग बाबांना शेजारी बसवून घणसोलीपर्यंत दोन फेऱ्या मारल्या. दारं लॉक झाली, काच हलली नाही. शिवाय काच फोडायची हातोडी आणून हाताशी लावली.

आता गाडी लॉक केली की काचा बंद होतात, सनरूफही. चालत्या गाडीत बाबांच्या बाजूची काच एक इंच खाली असते. पाऊस असला की माझी पण.