नळाजवळच्या माडावरचे लाल डोळे

बोरिवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीलगत आमची वस्ती आहे. सुट्टीच्या दिवशी दूरदूरची मंडळी मुलाबाळांसह कान्हेरी लेणी पाहायला येतात. फुलपाखरांचे अभ्यासकही येतात. ऊन पडले की ते जंगलात शिरतात आणि दुपारी परत जातात. वस्तीकडे कोणी वळत नाही.

वस्तीच्या नळाजवळ दोन माड आहेत. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मावशी म्हणाल्या, "भाऊ, माडाला कापूस लागलाय. औषध मारायला सांगा." पाहिले तर झावळीच्या पात्या गुंडाळून सुरळ्या झालेल्या. आत जाडजूड अळ्या, अंगभर पांढऱ्या मेणाचे तंतू. बोट लावले की तंतू गळून पडत. पुस्तकातील चित्राशी ताडून पाहिले, तेव्हा ओळख पटली. ही 'जायंट रेडआय' नावाच्या फुलपाखराची अळी. नारळ, खजूर, केळ हे तिचे अन्न. चार पात्या खाल्ल्याने माड मरत नाही, हे मावशींना पटले आणि औषध थांबले.

पुढे एका संध्याकाळी दिवेलागणीला एक मोठे तपकिरी पाखरू वेगाने आले आणि नळामागच्या भिंतीवर बसले. बॅटरीच्या उजेडात पाहिले. डोळे लालभडक, पुढच्या पंखांवर काचेसारखे पिवळट ठिपके. पोरे म्हणाली, "काका, हा तर पतंग!" पण ते फुलपाखरूच होते. पंखांचा विस्तार सात सेंटिमीटरच्या वर.

याची नोंद क्वचितच होते. त्याचे मोठे कारण त्याची वेळ. हे पहाटे आणि तिन्हीसांजेला उडते, दिवसभर दाट सावलीत बसून राहते. उन्हात फिरणाऱ्या अभ्यासकाला ते दिसणार कसे?

वाचकहो, त्या वेळेला जागे कोण असते? पहाटे नळावर हंडे भरणारी बाई, पहिल्या पाळीला निघालेला कामगार, दिवेलागणीला अंगणात खेळणारी मुले. म्हणजे आपणच. तेव्हा माडावर अशी सुरळी किंवा भिंतीवर असे पाखरू दिसले, तर मारू नका. तारीख, वेळ, ठिकाण आणि झाड वहीत लिहा, मोबाइलवर फोटो काढा. फोर्टमधील हॉर्नबिल हाऊसमध्ये १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. ती नोंद तिथल्या जाणकारांना दाखवा. आपल्या दारातले आपण लिहिले नाही, तर ते कोणाच्याच यादीत येणार नाही.