दोन किलोंचा रोहू

सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ 2004 साली मिळालं. ही त्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. रोहू-कटल्याच्या पोटातले कृमी हा माझ्या अभ्यासाचा विषय, आणि आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. मासा हातात कसा धरायचा इथपासून मला शिकवलं ते बाजारातल्या मासेवाल्या मावशीनं.

तिच्याकडे उजनीचा माल यायचा, कधी हिप्परग्याच्या तलावाचाही. रोहूला जठर नसतं. नुसतं आतडं, तेही अंगाच्या कितीतरी पट लांब, वेटोळं घालून बसलेलं. मी कात्री चालवली की आतला पट्टकृमी तुटायचा, आणि डोकं हरवलेला कृमी नीट ओळखता येत नाही. मावशी बोटांनी चरबी सोडवत अख्खं आतडं दोऱ्यासारखं उलगडून द्यायची. मासा मेल्यावर आतले कृमीही फार टिकत नाहीत, म्हणून ताजी आतडी माझ्या डब्यात हलक्या मिठाच्या पाण्यात घालून ठेवायची. ‘‘माशाचं डोकं मोठं अन् पाठ सुरीसारखी दिसली की त्याच्यात जंत बघ,’’ हेही तिचंच.

एका रविवारी मी चिमट्यानं लांब पांढरा कृमी वर धरला आणि आनंदानं ओरडले. दोन किलोंचा रोहू तोलून घेतलेलं गिऱ्हाईक तसंच निघून गेलं. पुढचे दोन रविवार तिच्या पाटीपुढं फारसं कुणी थांबेना. ती मला रागावली नाही. एवढंच विचारलं, ‘‘पोरी, हे माणसाला लागतं का गं?’’

मला सांगता येईना. तिच्या पोटाचा प्रश्न माझ्या वहीत कुठंच नव्हता.

मग वाचून काढलं. पाण्यातल्या बारीक कवचधारी जिवांतून किंवा गाळातल्या किड्यांतून हे पट्टकृमी माशाच्या आतड्यात जातात, आणि आतडं आपण फेकूनच देतो. चीन-कोरियात याच कुळातले मासे कच्चे खाऊन माणसाला यकृतकृमी होतो. आपलं कालवण चांगलं रटरटलेलं असतं. हे सांगितल्यावर मावशीनं मला पाटीशेजारीच उभं केलं. ‘‘आता समद्यांना सांग.’’ दुपारपर्यंत मी येईल त्याला सांगत होते.

निघताना त्या रोहूचे पैसे पुढं केले. तिनं माझी मूठ मिटवली. ‘‘तो तुझ्या शिक्षणाला लागला,’’ म्हणाली आणि भरलेला डबा हातात दिला.