खाऱ्या सरोवराचा जिवंत तळ

2022 च्या शरदात मुलीकडे अमेरिकेस गेलो होतो. युटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेक पाहण्याचा योग तेव्हा आला. या सरोवराला बाहेर वाट नाही. तीन नद्यांचे पाणी येते, उन्हाने उडून जाते आणि मीठ मागे राहते.

सुमारे अकरा किलोमीटरच्या बांधावरून आम्ही अँटिलोप बेटावर पोहोचलो. उत्तरेकडील किनाऱ्यावर वाळू हाती घेतली, तर कण खसखशीसारखे गोल. ते प्रवाहाने झिजून गोल झालेले नसतात. एखाद्या सूक्ष्म कणाभोवती पाण्यातील चुन्याचे थर चढत जाऊन ते घडतात. पुढे पाणी ओसरलेल्या जागी कोबीच्या गड्ड्यांसारखे पांढुरके उंचवटे दिसले. मी एकावर पाय ठेवणार, तोच नात म्हणाली, "आजोबा, त्यावर पाय देऊ नका. ते जिवंत असतात."

"दगड जिवंत?"

उथळ पाण्यातील उंचवट्यांकडे तिने बोट दाखवले. त्यांच्यावर तपकिरी-हिरवट, बुळबुळीत साय होती. ही साय सूक्ष्मजीवांची. ते सूर्यप्रकाशावर जगतात. त्यांनी स्रवलेल्या चिकट द्रवात तळाचे कण अडकतात. ते पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, म्हणून भोवतीचा चुना घट्ट होऊन बसतो. वर गाळ साचला की जीव प्रकाशाकडे सरकतात आणि नवी साय धरतात. अशा थरावर थर चढून उंचवटा तयार होतो. जो गाळ लाटांनी इतस्ततः वाहून गेला असता, तो एका जागी बांधला जातो.

या सायीवर खाऱ्या पाण्यातील माश्यांच्या अळ्या पोसतात आणि त्या माश्यांवर लक्षावधी स्थलांतरित पक्षी. त्या वर्षी मात्र पाण्याची पातळी नोंदींच्या इतिहासातील नीचांकाला गेली होती. दुष्काळ होताच, शिवाय नद्यांचे पुष्कळ पाणी वरच्या वर शेती आणि शहरे घेत होती. उघड्या पडलेल्या उंचवट्यांवरची साय वाळून पांढरी होते. पाणी परतले तरी ती पूर्ववत व्हायला वर्षे लागतात. पाणी आटले की क्षारही वाढतात. 1959 मध्ये रेल्वेसाठी घातलेल्या भरावाने सरोवराचे दोन भाग झाले. नद्या दक्षिण भागास मिळतात; उत्तर भाग इतका खारट झाला की तेथील बहुतेक उंचवटे आता निर्जीव आहेत.

आपण व्यापारी माणसे. आवक घटली आणि खर्च तोच राहिला, तर पेढीचे काय होते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. परतताना पाणी गाळून पिणारी माझी आई आठवली. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची काळजी तिने आम्हाला लावली होती. त्या किनाऱ्यावर मात्र माझा पाय नातीने अडवला.