समुद्र नसलेला मुलूख

ज्या देशाला समुद्रकिनारा नाही, त्याच्या इतिहासात राजवाड्याइतकेच महत्त्व जकातनाक्याला असते. नेपाळचे उदाहरण आपल्या अगदी शेजारचे आहे. 1989 साली त्या देशाचे भारताशी असलेले व्यापाराचे व मालवाहतुकीचे करार संपले आणि सरहद्दीवरील 21 नाक्यांपैकी 19 बंद झाली. रॉकेलसाठी लोकांना रांगा लावाव्या लागल्या. पुढल्याच वर्षी जनता रस्त्यावर आली, आणि राजे बीरेंद्र यांना पक्षविरहित पंचायतीची राज्यपद्धती मोडीत काढणे भाग पडले. केवळ रॉकेलाने राज्ये पालटत नाहीत, हे खरे. त्या चळवळीची मुळे पुष्कळ जुनी होती. तथापि 2008 साली राजसत्ता गेली आणि 2015 साली नवे संविधान आले, तेव्हाही त्या नव्या राज्यव्यवस्थेची पहिली कसोटी लागली ती सरहद्दीच्या नाक्यांवरच.

नेपाळच्या या बातम्या वाचताना आम्हां उज्जैनकरांना आमच्या माळव्याचीच आठवण होते. माळवा हा आज नकाशावरचा देश नव्हे. पण विंध्याच्या माथ्यावरचे हे काळ्या मातीचे पठार शतकानुशतके एखाद्या देशासारखेच वागत आले आहे. उज्जैनहून खंबायतचे आखात सरळ रेषेत सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. किनारा असा पश्चिमेला, आणि आमची क्षिप्रा मात्र उत्तरेकडे तोंड करून चंबळेला मिळते, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. म्हणजे माळव्याचे पाणी पूर्वसमुद्राला जाते आणि माल जातो पश्चिमसमुद्राला. अलीकडे तर याहूनही मौज झाली आहे. 2014 सालापासून नर्मदेचे पाणी पंपांनी सुमारे साडेतीनशे मीटर वर चढवून क्षिप्रेत सोडतात. जे पाणी भडोचला जावयाचे, ते आता सिंहस्थाच्या यात्रेकरूंना स्नान घडवून बंगालच्या उपसागराकडे वळते.

भडोचचा आणि उज्जैनचा संबंध काही आजचा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी प्रवासवर्णनात ‘ओझेने’ या नावाने आमचे गाव येते. तेथून अकीक आणि मलमल भडोचच्या बंदरात उतरतात, असे तो नाखवा नमूद करतो. पुढे शक क्षत्रप काय, गुप्त काय, ज्यांनी ज्यांनी उज्जैन घेतले त्यांचे एक लक्ष पश्चिमेच्या बंदरांवर होतेच. पंचांगकर्त्यांनी रेखांशाचा आरंभ उज्जैनपासून धरला. ग्रिनिचची रेघ जहाजांच्या गरजेतून पुढे आली. आमची रेघ ग्रहणे आणि तिथी यांच्यासाठी होती. जहाजाशी तिचा काडीचाही संबंध नव्हता.

1728 साली चिमाजीअप्पांनी अमझेऱ्याची लढाई जिंकली, आणि 1741 साली दिल्लीच्या बादशहाने पेशव्यांना माळव्याची नायब सुभेदारी दिली. मुलूख वाटला गेला तो शिंदे, होळकर आणि पवार यांच्यात. राणोजी शिंद्यांनी उज्जैन हे आपले ठाणे केले, आणि या पत्राच्या वाचकांना विशेष वाटावी अशी गोष्ट येथे घडली. या डोंगरपठारावरचा कारभार पाहावयाला समुद्रकाठची माणसे आली. महाकालेश्वराचे मंदिर नव्याने उभे करणारे राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर हे शेणवी. पुढे महादजींच्या व दौलतरावांच्या फौजेचे बक्षी झालेले जिवबादादा केरकर हे पेडण्याजवळच्या केरीचे. 1795 च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचे ते सेनानी होते. ज्यांच्या आजोळी अंगणात लाटांचा आवाज येत असेल, त्या माणसांनी येथे येऊन कमाविशी, वसूल आणि फौजेचे पगार यांचे हिशेब मोडीत मांडले. महाकालाच्या दर्शनाला येणाऱ्या लाखो लोकांपैकी सुखटणकरांचे नाव कितींना ठाऊक असेल, असा विचार आमच्या मनात पुष्कळदा येतो.

परंतु त्या राज्यवाटणीत एक मोठी अडचण होती. उज्जैन शिंद्यांचे, पंचावन्न किलोमीटरवरचे इंदूर होळकरांचे, आणि देवासला तर एकाच गावात थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन राज्ये! बैलगाडी दोन मुक्काम पुढे जाते न जाते तोच नवा राजा आणि नवी राहदारी. आधीच समुद्र नाही, त्यात घरातल्या घरात उंबरठे. त्या उंबरठ्यांचीही शांतता टिकली नाही. 1801 साली यशवंतराव होळकरांनी उज्जैनपाशी शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. 1810 च्या सुमारास दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. 1817 च्या डिसेंबरात, याच क्षिप्रेच्या काठी महिदपुरास, होळकरांचाही पाडाव झाला आणि इंग्रजांचे वर्चस्व कायम झाले.

राजधानी गेली तरी गावाची पेठ मोडली नाही, याचे श्रेय, लाज वाटली तरी सांगितले पाहिजे, अफूला आहे. बंगालच्या अफूवर कंपनीचा मक्ता होता. माळव्याची अफू संस्थानिकांच्या मुलखात पिकत असल्यामुळे तिच्यावर तो चालेना. कंपनीने मुंबईची वाट अडवली, तेव्हा सावकारांनी वळसा घातला. उज्जैनची अफू मारवाडातल्या पालीवरून वाळवंट ओलांडून कराचीला, आणि कराचीहून गलबतांनी दमणला जाऊ लागली. दमण पोर्तुगीजांचे, म्हणजे गोव्याच्याच कारभारातले. तेथून चीनकडे माल धाडणाऱ्या व्यापाऱ्यांत मुंबईत पेढी असलेला गोमंतकीय रोजेरियो द फारिया हे एक मोठे नाव होते. ज्या किनाऱ्याने आम्हांला दिवाण दिले, त्याच किनाऱ्याच्या सत्तेने आमच्या अफूला बंदर दिले. कंपनीने संस्थानांशी करार करून पाहिले. शिंदे सरकारने ते मानले नाहीत. अखेर 1830 नंतर कंपनीने हार खाऊन परवान्याची पद्धत काढली: फी भरा आणि मुंबईवरून खुशाल न्या. 1835 साली पेटीमागे ही फी 125 रुपये होती. 1843 साली सिंध इंग्रजांकडे गेला, कराचीची वाट बुजली, आणि 1847 पर्यंत तीच फी 400 रुपयांवर चढली. पीक तेच, शेतकरी तोच. दुसरा दरवाजा बंद झाला, एवढाच काय तो फरक. 1913 साली चीनची निर्यात थांबली, तेव्हा पेठेवर जी कळा आली तिच्यातून कापसाच्या गिरण्यांनी काही काळ सावरले. आता त्या गिरण्याही बंद आहेत. अफू मात्र नीमच-मंदसोरकडे सरकारी परवान्याने अजून पिकते.

28 मे 1948 रोजी ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवास आदी संस्थाने मिळून मध्यभारत राज्य झाले. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले. राजधानी काही महिने ग्वाल्हेरला आणि काही महिने इंदूरला. (नेपाळ गणराज्य झाले तेही बरोबर साठ वर्षांनी, 28 मे रोजीच.) आमच्या मते माळव्याच्या अर्थकारणातील ही सर्वांत मोठी घटना होय. उज्जैन आणि इंदूर यांमधला नाका गेला, आणि मुंबईचे बंदर परक्याचे राहिले नाही. नेपाळला जे करार करून मिळवावे लागते ते आम्हांला विलीन होऊन मिळाले. 1956 च्या 1 नोव्हेंबरला मध्यभारतही मध्य प्रदेशात मिळाला आणि राजधानी भोपाळला गेली. पुढल्या वर्षी उज्जैनला विक्रम विद्यापीठ मिळाले. राजधानीऐवजी विद्यापीठ, हा सौदा आम्ही वाईट म्हणत नाही.

पण नाके उठले तसे दप्तरही उठले. मराठी ही येथे राज्यकर्त्यांची भाषा होती. ती घरची भाषा झाली. गजानन माधव मुक्तिबोध येथे वाढले आणि हिंदीचे थोर कवी झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. माधव महाविद्यालयात शिकवणारे प्रभाकर माचवे दोन्ही भाषांत वावरले. त्या पिढीला निवड तरी करता आली. आमच्या मुलांची मराठी हिंदीच्या वळणाने जाते, आणि कोकणी तर किनाऱ्यावरून आलेल्या घरांतून कधीच नाहीशी झाली. एखादे नाते, एखादा पदार्थ, एवढ्यापुरती उरली. काही घरांत फडताळाच्या वरच्या फळीवर मोडी रुमाल अजून बांधलेले आहेत. त्यांत कोणत्या नाक्यावर किती राहदारी भरली, कोणाच्या गाड्या अडल्या, कोणाची हुंडी पटली, हे सर्व असणार. गाठ सोडली की कागदाचे तुकडे पडतात, आणि वाचणारा शोधावयाला पुण्यापर्यंत पत्र धाडावे लागते.