दादाचा जुना खेळ

माझा दादा शाळेत असताना सायबर कॅफेत जाऊन 'रूनस्केप' हा ऑनलाइन खेळ खेळायचा. पुढे खेळ इतका बदलला, की त्यानं तो सोडूनच दिला. मग 2013 साली कंपनीनं 2007 सालची जपून ठेवलेली प्रत पुन्हा सुरू केली. नाव 'ओल्ड स्कूल रूनस्केप'. दादा खूश! आता सुट्टीत तो मलाही शिकवतो.

परवा आमची जुंपली. मी म्हटलं, "यात सारखं नवीन काही आलं पाहिजे."

"मग जुना कशाला म्हणायचा?" दादा उसळला. "पूर्वी बाजारात उभं राहून 'शेवंड विकायची आहे' असं टाइप करावं लागे. घासाघीस व्हायची, त्यातून मित्र मिळायचे. 2015 साली 'ग्रँड एक्स्चेंज' आलं. माल ठेवा, किंमत लिहा, झालं! बोलायची गरजच नाही."

पण या खेळात बदल करायचा, तर खेळाडूंचं मतदान घेतात. तेव्हा शंभरातल्या 75 जणांचा होकार लागायचा. मी विचारलं, "मग तू काय मत दिलंस?"

दादा ओशाळला. "होकार. नोकरी लागली होती रे. बाजारात तासन्‌तास उभं राहायला वेळ कुठे होता?"

मला एकदम कळलं. खेळाची जुनी प्रत ठेवता येते, दादाच्या रिकाम्या संध्याकाळींची नाही. म्हणून नवीन यावं, पण असं सगळ्यांना विचारूनच.

त्या रात्री आम्ही एक्स्चेंजमध्ये गेलोच नाही. मी दादाकडूनच शेवंड घेतली. घासाघीस करूनही लबाडानं भाव जास्तच लावला!