साठ सुरांची दाद

अटलांटिकच्या काठावरचं मिलटाऊन मालबे हे गाव एरवी एका मुख्य रस्त्यात संपतं. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातलं हे गाव विली क्लॅन्सी या थोर पाइपवादकाचं. १९७३ च्या जानेवारीत तो गेला आणि त्याच वर्षी त्याच्या नावानं इथे उन्हाळी संगीतशाळा सुरू झाली. जुलै उजाडला की त्या एका रस्त्यावर जगभरची माणसं वाद्यं पाठीला लावून हिंडू लागतात. सकाळी वर्ग भरतात, दुपारपासून पबात वादन. मंच नाही, माइक नाही. वादक एका टेबलाभोवती बसतात आणि श्रोते त्यांच्या पाठीशी खेटून उभे राहतात.

मी गेलो होतो पाइप ऐकायला. पण त्या गर्दीत फिडल आणि बासरीच्या कल्लोळातून एक टोकदार, स्वच्छ आवाज सारखा कानाला बोलावत राहिला. हवेनं थरथरणाऱ्या पत्तीचा हा सूर आहे, हे पेटी ऐकत वाढलेल्या मराठी कानाला सांगावं लागत नाही. माणसांमधून वाट काढत पुढे गेलो, तर पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलीच्या गुडघ्यावर दोन तळव्यांत मावेल एवढं सहाकोनी वाद्य होतं. ते उघडत-मिटत होतं आणि तिची बोटं बटणांवरून अशी पळत होती की नजर ठरेना. एवढ्याशा वाद्यातून अख्खी खोली भरून टाकणारा आवाज निघत होता. कन्सर्टिनाची आणि माझी ही पहिली खरी भेट.

क्लेअरमध्ये वाजते ती बहुतेक अँग्लो पद्धतीची, तीस बटणांची. भाता दाबताना बटण एक स्वर देतं, ओढताना दुसरा. म्हणजे तीस बटणांना साठ सूर. आपल्या पेटीत एक हात भात्याला आणि एक पट्ट्यांना, अशी सरळ वाटणी असते. इथे दोन्ही हात दोन्ही कामं एकदम करतात. भाता नेमका कुठे उलटवायचा, यावर वादकाची ओळख ठरते आणि नाचणाऱ्याच्या पायाला लागणारा ठेकाही त्या उलटण्यातूनच येतो. एकोणिसाव्या शतकात स्वस्त जर्मन कन्सर्टिना खेडोपाडी पोहोचल्या, तेव्हा क्लेअरमध्ये हे वाद्य बायकांचं झालं. शेकोटीजवळच्या कोनाड्यात ते कोरडं राहायचं आणि स्वयंपाकघरात नाच जमला की घरची बाई ते काढून वाजवायची. किलरशच्या एलिझाबेथ क्रॉटी (१८८५–१९६०) यांचं नाव आजही इथे प्रेमानं घेतात. पब चालवणाऱ्या या बाईंचं वादन १९५० च्या दशकात रेडिओवरून देशभर ऐकलं गेलं.

या वाद्याचा दुसरा धागा लंडनला जातो. बारावीच्या फिजिक्समध्ये ज्याच्या नावाचा ब्रिज आपण शिकतो, तो चार्ल्स व्हीटस्टन वाद्यं विकणाऱ्या घरातला होता. १८२९ चं त्याचं पेटंट कन्सर्टिनाच्या मुळाशी आहे. पाचच वर्षांनी जर्मनीतल्या केमनिट्झच्या कार्ल उलिगनं स्वतंत्रपणे आपली बटणपेटी केली. अँग्लोमध्ये दोन्ही कुळं एकत्र आली, बटणांची मांडणी जर्मन आणि बांधणी इंग्रजी. व्हीटस्टन कंपनीच्या विक्रीच्या वह्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयानं जपल्या आहेत आणि त्यांची पानं कोणालाही पाहता येतात. वाद्याचा नंबर, तारीख, घेणाऱ्याचं नाव अशा त्या नोंदी. किती उमराव घराण्यांतल्या स्त्रियांनी कन्सर्टिना घेतल्या ते त्यात दिसतं. सूर कानसणाऱ्या, भाते चिकटवणाऱ्या हातांना मात्र त्या रकान्यांत जागा नाही, आणि वह्या चाळताना हे मला फार लागलं. त्यांची वाद्यं दीडशे वर्षांनंतरही वाजताहेत.

पुढे अकॉर्डियन आणि जॅझ आले, मागणी ओसरली. व्हीटस्टनचा कारखाना १९६० च्या दशकात थांबला. इझलिंग्टनचं क्रॅब घराणं १९८० च्या दशकाच्या शेवटापर्यंत टिकून राहिलं. पण याच काळात लोकसंगीताची नवी लाट आली, चांगल्या जुन्या कन्सर्टिनांवर उड्या पडू लागल्या आणि काही माणसं एकेकट्यानं ही विद्या पुन्हा हातात घेऊ लागली.

अशाच एका कारागिराकडे मला पबातल्या त्या मुलीच्या वडिलांनी नेलं. गावाबाहेर, एके काळी गोठा असलेल्या दगडी खोलीत त्यांचं काम चालतं. वय सत्तरीकडे झुकलेलं, नखांत पितळेची भुकटी. माझ्याकडे पेटीच्या सुरांची माहिती आहे असं कळल्यावर त्यांनी कसलीही प्रस्तावना न करता एक सूर माझ्या हातावर ठेवला. पितळेची छोटी चौकट आणि तिच्यात पोलादाची पत्ती. पत्ती आणि चौकट यांच्यातली फट केसाहून बारीक. फट वाढली तर सूर हवा खातो आणि उशिरा बोलतो. फट पुरेशी नसेल तर पत्ती अडकते आणि मुळीच बोलत नाही. पत्तीचं टोक कानसलं की स्वर चढतो, बुडाशी कानसलं की उतरतो. आपले पेटीवाले सूर घासतात तेही याच नियमानं, आणि हे मी सांगितल्यावर ते मनापासून हसले.

चौकटीच्या कडा तिरक्या, म्हणून ती लाकडी पाटावरच्या खोबणीत सरकवली की घट्ट बसते. प्रत्येक बटणाला असे दोन सूर, एक पाटाच्या वर आणि एक खाली, आणि प्रत्येकाला चामड्याची झडप. भात्याला सात घड्या असतील तर त्यासाठी पुठ्ठ्याचे ८४ तुकडे कापावे लागतात. मग कोपऱ्याकोपऱ्याला शेळीचं पातळ केलेलं कातडं, तेही असं की दुमडताना फुगू नये आणि ताणताना हवा सोडू नये. बाजूच्या लाकडी जाळ्या करवतीच्या केसासारख्या पात्यानं कापलेल्या. अकॉर्डियनचे तयार सूर आणून बसवले तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात. बरेच जण तसं करतात आणि ती वाद्यं वाईट नसतात. पण ज्या आवाजानं मला पबात गर्दीतून पुढे ओढलं, तो त्या तिरक्या कडांच्या, हातानं केलेल्या सुरांचा होता. दोन्ही ऐकल्यावर मला शंका उरली नाही.

आम्ही बोलत असतानाच एक तरुण शिक्षिका आपली कन्सर्टिना न्यायला आली. चांगल्या कारागिरांकडे नाव लावलं की वर्षानुवर्षं थांबावं लागतं, तशी तीही थांबली होती. किंमत काही हजार युरो, एका शिक्षिकेला ती जड जाणारच. तिचं वादन त्यांनी आधी अनेकदा ऐकलेलं होतं. ती भाता फार हलका चालवते, म्हणून खालचे सूर कमी हवेत बोलतील असे बसवले होते. करंगळी आखूड, म्हणून हाताचा पट्टा थोडा सरकवलेला. तिनं एक रील, म्हणजे नाचाची धून, सुरू केली. तिचा चेहरा पहिल्या काही मात्रांतच फुलला. मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात ती थांबली आणि म्हणाली, "डावीकडचा खालचा जी. ओढताना किंचित मागे राहतो."

मला वाटलं, ते दुखावतील. ते तर खुलले. "मलाही तेच वाटत होतं," ते म्हणाले, "पण मी वाजवताना तो मागे राहत नाही. तुझ्या हातातच ऐकायला हवा होता." त्यांनी सहा स्क्रू काढले, बाजू उघडली, तो सूर बाहेर घेतला, उजेडासमोर धरला, पत्तीचं टोक जरासं खाली आणलं आणि पुन्हा खोबणीत सरकवला. तिनं तीच ओळ पुन्हा वाजवली. या वेळी ती थांबली नाही. एक धून संपली, दुसरीत शिरली, मग तिसरीत. पैशाचा लिफाफा बाकावर तसाच पडून होता, दोघांनाही त्याची आठवण नव्हती.

त्या दुपारी मला या कामाचं मोल उमगलं. असं वाद्य करणाऱ्याला नुसतं कौतुक पुरत नाही. त्याला असा कान लागतो, जो साठांतला एक सूर केसभर मागे राहिला तर सांगेल. क्लेअरमध्ये असे कान घरोघरी आहेत, आणि म्हणूनच तिथे असे हात तयार होतात. आपल्याकडे उत्तम पेटीवादक झाले, त्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. त्यांच्या पेट्या कोणी जुळवल्या, हे आपण क्वचितच विचारतो. ते विचारायला हवं असं मला तिथे बसून तीव्रतेनं वाटलं.

रात्री ते कारागीर पबात आले. टेबलाभोवती चार कन्सर्टिना होत्या, त्यांतल्या तीन त्यांच्या हातच्या. डोळे न उघडता कोणती कुठली ते त्यांनी मला सांगितलं, आणि एका वादकाला मध्येच गाठून बजावलं की भाता आता मोकळा झालाय, एकदा आणून दाखव. नवं वाद्य वाजता वाजता सैलावतं, पत्त्या स्थिरावतात. मग ते पुन्हा करणाऱ्याकडे यावं लागतं, आणि ही ये-जा आयुष्यभर चालते.

निघायच्या वेळी एक बाई आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन त्यांच्यापुढे आली. मुलीकडे शाळेतून उसनी मिळालेली स्वस्त कन्सर्टिना होती, आणि तिला यांच्याकडची हवी होती. त्यांनी खिशातली वही काढून तिचं नाव लिहून घेतलं. आईनं विचारलं, हाताचं माप आत्ताच द्यायचं का? "आता नको," ते म्हणाले, "तिची पाळी येईपर्यंत हात वाढलेला असेल. पण दर जुलैत येऊन मला एक धून ऐकवायची." मुलीनं लगेच, तिथेच, उभ्या उभ्या पहिली ऐकवली.